टेस्टर पेटला नाही, तरी वायरमध्ये करंट असू शकतो

‘टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, खुशाल हात घाला’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण बहुतेक वेळा टेस्टर बरोबरच सांगतो.

पण निऑन टेस्टरचा दिवा लागतो तो आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर. रबरी मॅटवर किंवा कोरड्या फळीवर उभे असाल, तर हा प्रवाह घटतो आणि दिवा मंदावतो. भर उजेडात तो दिसतही नाही. दिवाच निकामी झाला असेल, तर बाहेरून कळायला मार्ग नाही.

मोटरच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणात, धोका आणखी वेगळा. ४०० व्होल्टच्या ड्राइव्हमधल्या कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर) सुमारे ५६५ व्होल्ट डीसी असतो आणि मेन स्विच बंद केल्यावरही काही मिनिटे टिकतो. तो कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये असतो, जमिनीकडे त्याला वाट नसते, म्हणून टेस्टर गप्प राहतो. ड्राइव्हवर छापलेला वेळ पूर्ण होऊ द्या, मगच डीसी टर्मिनलवर मीटर लावा.

एरवी खात्री अशी करावी: आयसोलेटर (सप्लाय पूर्ण तोडणारा स्विच) बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. योग्य रेटिंगचा मीटर आधी चालू सप्लायवर तपासा. मग मशीनवर फेज ते फेज, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, प्रत्येक फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. शेवटी मीटर पुन्हा त्याच चालू सप्लायवर. घाईत नेमकी हीच पायरी गळते, आणि मीटर मध्येच बिघडला असेल तर ते फक्त इथेच उघड होते.