पुराचा नकाशा: सपाट पातळी की नदीपासूनची उंची?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. ‘43 फुटांना पाणी कुठवर येईल?’ असं विचारलं की उंचीच्या रास्टरवरून (चौकोनी पिक्सेलमध्ये प्रत्येक जागेची उंची नोंदवलेल्या डिजिटल नकाशावरून) दोन नकाशे झटपट निघतात. दोन्हींत सारखाच निळा पट्टा दिसतो, त्यामुळे त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिला सपाट पातळीचा. समुद्रसपाटीपासूनची एक उंची धरायची आणि तिच्याखालचं सगळं निळं करायचं. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एका ओळीचं काम. दुसऱ्याला ‘हँड’ (हाइट अबव्ह निअरेस्ट ड्रेनेज, म्हणजे जवळच्या प्रवाहापासूनची उंची) म्हणतात: पिक्सेलवरचं पाणी उतारानं वाहत जिथे नदीला मिळतं, त्या जागेपेक्षा तो पिक्सेल किती उंच, ते मोजायचं.

नदीला उतार असतो आणि पहिल्या नकाशाला तो ठाऊकच नसतो. समजा, नदी किलोमीटरला 30 सेंटिमीटर उतरते. म्हणजे 20 किलोमीटरमध्ये 6 मीटर. मधल्या गावाची पातळी सगळीकडे लावली, तर वरच्या टोकाला पाणी 3 मीटर कमी आणि खालच्या टोकाला 3 मीटर जास्त दिसेल. शिवाय नदीशी संबंध नसलेल्या खाणीही भरतात. ग्रास या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘आर.लेक’ला नदीतला एक बिंदू दिला की त्याला जोडलेलाच भाग भरतो, पण उताराची चूक तशीच राहते.

हँडसाठी रास्टर आधी मीटरमधल्या नकाशा-प्रक्षेपणात आणा (कोल्हापूरला यूटीएम 43 उत्तर). मग खड्डे बुजवा, प्रवाहाची दिशा आणि साठा (प्रत्येक पिक्सेलमध्ये वरच्या किती पिक्सेलचं पाणी येतं ते) काढा, प्रवाहरेषा ठरवा. शेवटी व्हाइटबॉक्सटूल्स या सॉफ्टवेअरमधलं ‘एलिव्हेशन अबव्ह स्ट्रीम’ चालवा. सगळी मेख प्रवाहरेषेच्या उंबरठ्यात आहे, म्हणजे किती साठ्यापासून पुढे प्रवाह धरायचा यात. 30 मीटरच्या रास्टरवर 10,000 पिक्सेल म्हणजे 9 चौरस किलोमीटर पाणलोट. उंबरठा फार कमी ठेवला तर प्रत्येक ओढा नदी ठरतो आणि माळावरच्या ओहोळालाही पंचगंगेएवढा पूर येतो. दोन ओढ्यांच्या सीमेवर निळा रंग सुरीनं कापल्यासारखा तुटलेला दिसला तर दचकू नका. शेजारचे दोन पिक्सेल वेगवेगळ्या ओढ्यांपासून मोजले गेलेत, इतकंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. 43 फूट म्हणजे 13.1 मीटर, म्हणून हँडमध्ये 13.1 टाकलं जातं आणि निम्मं शहर विनाकारण बुडतं. बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या पट्टीचं शून्य आणि हँडचं शून्य एक नाही. उपग्रहाच्या रास्टरमध्ये नदीचा तळ नसतो, मोजणीच्या वेळचा पाण्याचा पृष्ठभाग असतो. तेव्हा पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची घ्या, त्यात 13.1 मिळवा आणि त्यातून बंधाऱ्याजवळच्या प्रवाहरेषेची रास्टरमधली उंची वजा करा. दोन्ही उंच्यांचा संदर्भस्तर (ज्या शून्यापासून उंची मोजली तो) एकच आहे ना, तेही बघा. उरेल तो आकडा हँडचा.

तरी दरवेळी हँडच बरं असं नाही. धरणाचा जलाशय किंवा नदीचा एखाद-दोन किलोमीटरचा तुकडा असेल तर सपाट पातळी पुरते. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुंबली की पंचगंगेत फुगवटा चढतो. तो हँडला दिसत नाही. तिथे दोन्ही सोडून हेक-रास या पूर-मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये द्विमितीय मॉडेल चालवावं.

पडताळणीला सेंटिनेल-1 उपग्रहाची ऑगस्ट 2019च्या पुराची रडार चित्रं घ्या. फक्त उंच उसाखालचं आणि दाट वस्तीतलं पाणी रडारला नीट दिसत नाही, तेव्हा तिथे नकाशाच चुकला असं लगेच धरू नका.