एनेबल-डीबग आणि एनेबल-कॅसर्ट: पोस्टग्रेस बिल्ड करताना होणारी गल्लत

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरचा कोड बदलायचा आणि तो चालत असताना आतून पाहायचा, असे ठरवलेला माणूस सोर्स उतरवून घेतल्यावर सर्वप्रथम बिल्डची, म्हणजे सोर्सपासून चालवता येणारा प्रोग्राम बनवण्याची, तयारी करणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवतो, आणि तिथेच ‘एनेबल-डीबग’ व ‘एनेबल-कॅसर्ट’ हे दोन पर्याय त्याच्यापुढे येतात. हे पर्याय बहुधा एकाच ओळीत जोडीने लिहिलेले आढळतात, त्यामुळे दोन्ही मिळून ‘डीबग बिल्ड’ नावाची एकच वस्तू होते असा समज सहज रुजतो. मीही बराच काळ तोच समज बाळगून काम केले. प्रत्यक्षात पहिला पर्याय सर्व्हरच्या आत काय चालले आहे ते आपल्याला दिसावे यासाठी आहे, तर दुसरा सर्व्हरने स्वतःचीच झडती घेत राहावे यासाठी आहे. पहिल्याने सर्व्हरच्या वागण्यात काहीही फरक पडत नाही, दुसऱ्याने मात्र पुष्कळ पडतो.

एनेबल-डीबग दिल्यावर कंपायलरला, म्हणजे सोर्सचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, ‘-जी’ हा फ्लॅग मिळतो. मग तयार होणाऱ्या बायनरीत यंत्रभाषेतील कोणती सूचना कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीवरून आली, कोणते व्हेरिएबल कोणत्या प्रकारचे आहे आणि ते कुठे ठेवले आहे, याची नोंद जोडली जाते. जीसीसी या कंपायलरने कंपाइल केले असेल तर फाइलचा आकार बराच वाढतो, पण वेग तोच राहतो. म्हणूनच जीसीसी वापरणाऱ्यांनी प्रॉडक्शनवरही हा पर्याय ठेवायला हरकत नाही, असे पोस्टग्रेसची कागदपत्रेच सांगतात.

या नोंदीचा उपयोग डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आतून पाहण्याचे साधन) जोडल्यावर कळतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र बॅकएंड प्रोसेस सुरू होत असल्यामुळे पोस्टमास्टर या मुख्य प्रोसेसला डीबगर जोडून आपली क्वेरी सापडत नाही. पीएसक्यूएल या क्वेरी पाठवण्याच्या साधनात ‘सिलेक्ट पीजी_बॅकएंड_पीआयडी()’ चालवून मिळालेला क्रमांक जीडीबी या डीबगरला द्यावा, ‘एररफिनिश’ या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावावा आणि चुकीची क्वेरी पाठवावी. एरर जिथून उठली तिथपर्यंतचा सगळा स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी, ओळींच्या क्रमांकांसह समोर येतो. उबुंटूसारख्या सिस्टिमवर परवानगी नाकारली गेली, तर दोष बहुधा ‘पीट्रेस_स्कोप’ या कर्नल सेटिंगचा असतो, पोस्टग्रेसचा नव्हे. तसेच पोस्टग्रेसच्या प्रोसेस एकमेकींना सिगयूएसआर१ हा सिग्नल पाठवत असतात, त्यामुळे त्या सिग्नलवर न थांबता तो पुढे जाऊ द्यावा असे जीडीबीला आधीच सांगून ठेवलेले बरे.

येथे एक तिसरीच गोष्ट मध्ये येते आणि तिचे खापर एनेबल-डीबगवर फुटते. व्हेरिएबलची किंमत विचारली की जीडीबी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असे उत्तर देतो आणि एकेक ओळ पुढे जाताना कर्सर मागेपुढे उड्या मारतो. याचे कारण असे की एनेबल-डीबग दिल्यानंतरही ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपायलर करतो ती कोडची फेरमांडणी) नेहमीच्या ‘-ओ२’ पातळीवरच असते. ते उतरवायचे असेल, तर सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या फ्लॅगांच्या यादीत) ‘-ओ०’ किंवा ‘-ओजी’ वेगळे द्यावे लागते.

एनेबल-कॅसर्टचा डीबगरशी थेट संबंधच नाही. पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये जागोजागी ‘असर्ट’ हा मॅक्रो लिहिलेला आहे: हा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिकामा नसणार, हे लॉक आपल्या हातात असणार, या यादीत किमान एक घटक असणार. लिहिणाऱ्याच्या मते या अटी मोडणे शक्यच नाही. हा पर्याय दिला नाही तर कंपाइल होताना हे मॅक्रो निष्क्रिय होतात. दिला तर प्रत्येक अट खरोखर तपासली जाते. एखादी अट मोडली की लॉगमध्ये ‘ट्रॅप’ या शब्दाने सुरू होणारी ओळ उमटते आणि तो बॅकएंड अबॉर्ट होतो. नेहमीच्या एररमध्ये फक्त चालू ट्रान्झॅक्शन रद्द होते. येथे मात्र सामाईक मेमरी बिघडली असण्याची शक्यता धरून पोस्टमास्टर बाकीचे सर्व बॅकएंडही बंद करतो आणि रिकव्हरी करून नव्याने सुरुवात करतो. एखादा किरकोळ दोषही सगळ्यांची कनेक्शने तोडू शकतो आणि तपासण्यांमुळे वेगही लक्षणीय मंदावतो, म्हणून हा पर्याय प्रॉडक्शनवर अजिबात असू नये, आणि अशा बिल्डवर मोजलेल्या वेगाच्या आकड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

कॅसर्टचे आणखी एक काम फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. हा पर्याय असताना पोस्टग्रेस मोकळी केलेली मेमरी ७एफ या बाइटने भरून टाकतो. मी लिहीत असलेल्या एका एक्स्टेन्शनमध्ये स्टॅटिक व्हेरिएबलात ठेवलेला पॉइंटर क्वेरीपुरत्याच जगणाऱ्या मेमरी कॉन्टेक्स्टकडे (एकदम मोकळ्या होणाऱ्या मेमरीच्या गटाकडे) बोट दाखवत होता. फक्त एनेबल-डीबग असलेल्या बिल्डवर दुसरी क्वेरीही बहुतेक वेळा बरोबर उत्तर देई, कारण मोकळ्या झालेल्या जागेत जुनाच मजकूर पडून असे. ब्रेकपॉइंट लावून पाहिले तरी किंमत योग्यच दिसे. कॅसर्टसह पुन्हा बिल्ड केल्यावर दुसऱ्याच क्वेरीला बॅकएंड कोसळला, आणि जीडीबीत त्या स्ट्रक्चरमधला प्रत्येक पॉइंटर ७एफ७एफ७एफ७एफ असा एकसारखा दिसला. हा आकडा दिसला की मेलेल्या मेमरीला हात लागला आहे, हे ओळखायला मग वेळ लागत नाही. दोष पकडला कॅसर्टने, आणि तो कोणत्या ओळीत आहे हे दाखवले डीबगने. कॅसर्ट असून डीबग नसते, तर कोअर फाइलमध्ये (कोसळताना जतन झालेल्या मेमरीच्या प्रतीत) फंक्शनांची नावे तेवढी मिळाली असती, ओळी आणि आर्ग्युमेंट नाहीत.

कॅसर्टमुळे उलटी फसवणूकही होऊ शकते. असर्टच्या कंसात कोणी किंमत बदलणारे फंक्शन बोलावले असेल, तर विकसकाच्या यंत्रावर ते चालते आणि प्रॉडक्शन बिल्डमधून ती ओळच गायब होते. म्हणून पॅच पाठवण्यापूर्वी कॅसर्टविना एकदा बिल्ड करून चाचण्या चालवाव्यात. केवळ असर्टसाठी घेतलेली व्हेरिएबले न वापरल्याचा कंपायलरचा इशाराही त्याच वेळी दिसतो.

हाती असलेला सर्व्हर कोणता आहे, हे विचारण्याचे मार्गही दोहोंसाठी वेगळे आहेत. ‘शो डीबग_असर्शन्स’ असे विचारल्यावर ऑन किंवा ऑफ उत्तर येते. नावात डीबग असले तरी ते कॅसर्टबद्दलच असते. डीबगची नोंद नसेल, तर बायनरी उघडतानाच जीडीबी तसे सांगतो. लॉगच्या डीबग१ ते डीबग५ या पातळ्यांचा मात्र यांपैकी कशाशीही संबंध नाही. त्या कोणत्याही बिल्डवर चालतात.

पोस्टग्रेस १६ पासून कॉन्फिगरऐवजी मेसन हे साधन वापरूनही बिल्ड करता येते, आणि तिथे ही गल्लत नव्या रूपात भेटते. तिथला नेहमीचा बिल्डप्रकार ‘डीबगऑप्टिमाइझ्ड’ असल्यामुळे डीबगची नोंद न मागताच मिळते, तर ‘डीबग’ हा बिल्डप्रकार निवडल्यास ऑप्टिमायझेशनही उतरते. परंतु दोन्हींत असर्ट बंदच राहतात आणि ते हवे असल्यास ‘कॅसर्ट’ हा पर्याय ट्रू करून स्वतंत्रपणे द्यावा लागतो.