तालुक्याच्या कॉलेजातलं मानसशास्त्र: विषय आला कुठून, गरज आली कुठून

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींच्या मनात बहुतेक वेळा समुपदेशन असतं. माणसाशी बोलायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, त्याला सावरायचं. हातात येते ती मात्र प्रात्यक्षिकाची वही. आरशात बघत चांदणी गिरवायची, म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमातल्या दोन रेघांची लांबी सारखी वाटेपर्यंत पट्टी सरकवायची, निरर्थक शब्दांश पाठ करून किती विसरले ते मोजायचं. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. याचा दोष शिकवणाऱ्यांच्या माथी मारला जातो, पण तो त्यांचा नाही. विषय ज्या वाटेने इथवर आला, ती वाट आधी समजून घ्यावी लागते.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग इथे प्रयोगशाळा सुरू केली, तिथून आधुनिक मानसशास्त्राचा हिशेब धरतात. हेर्मान एबिंगहाउस यांनी शब्दांशांच्या याद्या स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख काढला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. भारतात कलकत्ता विद्यापीठात ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ मध्ये अभ्यासक्रम आखला, आणि १९१६ मध्ये हार्वर्डहून शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या हाताखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हैसूरचा विभाग १९२४ चा. दोन्हीकडे पाया एकच होता: प्रयोगशाळा, उपकरणं, मोजमाप. मानसशास्त्र हे शास्त्रच आहे, तत्त्वज्ञानाची शाखा नव्हे, हे त्या पिढीला सिद्ध करायचं होतं. दुःखी माणसाशी बोलणं हा त्यांचा पहिला प्रश्नच नव्हता. आजच्या वहीतली चांदणी त्याच आग्रहाची खूण आहे.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याआधी नागपूरची कॉलेजं अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचं विदर्भ महाविद्यालय, त्याच १९२३ साली उभं राहिलं. पण शिक्षण खेड्याच्या जवळ आलं ते वेगळ्याच हातांनी. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्याच्या पोराला कॉलेजची पायरी चढता आली त्यात अशा संस्थांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो विसरून या विषयाचा इतिहास सांगताच येत नाही. स्वातंत्र्यानंतर तालुक्यातालुक्यात कला महाविद्यालयं निघाली. अमरावतीला १९८३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं.

या कॉलेजांत मराठी साहित्य, इतिहास, गृहअर्थशास्त्र यांच्या शेजारी मानसशास्त्र बसलं. कला शाखेत प्रात्यक्षिक असलेले विषय मोजकेच, त्यांतला हा एक. एक लहान खोली, एका कपाटात मावेल इतकं साहित्य आणि समोर प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती, म्हणून बसायला वर्गातलीच मैत्रीण, एवढ्यावर तो चालू शकतो. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभारणं ज्या संस्थेला झेपत नव्हतं, तिला हे झेपलं. पुस्तकं मराठीत हवी होती. नागपूरच्याच महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळासारख्या संस्थांनी मराठीतून विद्यापीठीय पुस्तकं काढली, आणि अभिसंधान, प्रबलन, संवेदन असे या विषयाचे पारिभाषिक शब्द खेड्यातून आलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिकेत रुळले. इंग्रजी कच्चं म्हणून हा विषय कुणाला सोडावा लागला नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

माणसाच्या मनाच्या आजाराचा इतिहास मात्र या कॉलेजांच्या बाहेरूनच चालला. नागपूरचं मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीतलं, १८६४ चं. गावाकडच्या लोकांच्या तोंडी ते ‘पागलखाना’ म्हणूनच राहिलं आणि तिथे कुणाला नेणं म्हणजे घराण्याला बट्टा, अशीच समजूत होती. बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मात्र लोक वर्षानुवर्षं आपलं माणूस घेऊन जात आले. डॉक्टर शंभर मैलांवर आणि दर्गा आपल्याच मुलखात, अशा परिस्थितीत त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्यापाशी दुसरं दार नव्हतंच. तमिळनाडूत एरवाडीला, तिथल्या दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रयगृहात, २००१ मध्ये साखळीने बांधलेली माणसं आगीत होरपळून मेली, तेव्हा कुठे अशा ठिकाणांकडे देशाचं लक्ष गेलं.

सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. विदर्भात प्रश्न धगधगला तो शेतकरी आत्महत्यांनी. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पश्चिम विदर्भातल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. भर कर्ज, व्याजमाफी, सिंचन आणि बियाण्यांवर होता, आणि तो असायलाच हवा होता. कपाशीचा भाव पडला की समुपदेशनाने भाव चढत नाही. तरी जो माणूस रात्रभर जागाच राहतो, जेवण सोडतो, कुणाशी बोलत नाही, त्याच्यापर्यंत त्या आठवड्यात कुणी पोहोचावं ही गरज खरीच होती.

ती पुरी होऊ शकते हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी दाखवलं. ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये आला, मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले हेच सहा जिल्हे मिळून चौदा जिल्ह्यांसाठी. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला लावलं. ठाणेदाराच्या हातातला विषय डॉक्टरच्या हाती गेला.

म्हणजे गरज आरोग्य खात्याच्या वाटेने आली आणि विषय विद्यापीठाच्या. दोन्ही वाटा एकाच तालुक्यातून जातात, पण त्यांची गाठ अजून नीट पडलेली नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मनोविकारांवर मानसोपचार करणारा, व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि कित्येक वर्षं त्याचा रस्ता एम.ए.नंतरच्या मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.मधून होता. जागा थोड्या, त्या मोठ्या शहरांत. बी.ए. झालेल्या मुलीला आपल्याच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या पदवीवर काम मिळेल, अशी सोय व्यवस्थेने ठेवली नाही. बरेच जण बी.एड.कडे, स्पर्धा परीक्षेकडे वळतात.

ज्यांना घर सोडता येत नव्हतं, त्यांच्यासाठी इग्नूसारख्या विद्यापीठाचं दूरस्थ एम.ए. हा आधार होता. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या किती जणींनी तो धरला! आरोग्यसेवेशी संबंधित व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात मानसशास्त्रज्ञही आले, आणि त्याच्या आधाराने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. प्रत्यक्ष माणसासमोर बसून शिकल्याशिवाय हे काम येत नाही, हे कारण रास्तच आहे. पण त्यामुळे पांढरकवड्याच्या किंवा मेहकरच्या मुलीपुढे आता नियमित कॉलेज हाच रस्ता उरला आहे, आणि पदव्युत्तर शिक्षण जवळच्या कॉलेजात नसेल तर नागपूर-अमरावतीला खोली करून राहण्याचा खर्च.