मुक्त व्यापाराचे भाष्यकार आणि आपली खाडी : जगदीश भगवतींच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

१९६२च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून त्याच्या कामाला सुरुवात झाली. त्याच वर्षी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जगदीश भगवती आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पुढची जवळपास तीस वर्षं वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने परदेशी मालाच्या स्पर्धेपासून मिळालेल्या ज्या संरक्षणाच्या छत्राखाली वाढले, त्याच धोरणाशी भगवतींनी जन्मभर वाद घातला. आता पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर उभं राहतंय. व्यापार वाढला की कुणाचं भलं होतं आणि कुणाचं नुकसान, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा आपल्या दारात आला आहे. म्हणून ही उजळणी.

भगवती मुंबईचेच. जन्म २६ जुलै १९३४चा. घर कायद्याचं, भाऊ पी. एन. भगवती पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. जगदीश मात्र सिडनहॅम कॉलेजातून केंब्रिजला गेले, मग एमआयटी आणि ऑक्सफर्ड. १९५८ साली, पंचविशीही उलटलेली नसताना, त्यांचा एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. त्यांनी दाखवलं ते असं : एखाद्या देशाने निर्यातीच्या मालाचं उत्पादन खूप वाढवलं, जागतिक बाजारात त्याचा वाटा मोठा असला आणि मागणी मात्र फारशी वाढणारी नसली, तर भाव इतका कोसळू शकतो की वाढीनंतर तो देश पूर्वीपेक्षा गरीब होतो. भरघोस पीक आलं की भाव पडतो, हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. भगवतींनी ते देशाच्या पातळीवर, आकृतीसह आणि नेमक्या अटींसह सिद्ध केलं. मुक्त व्यापाराचा एवढा मोठा पुरस्कर्ता व्यापारातून नुकसान कसं होऊ शकतं हे मांडून नावारूपाला आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्याकडे भाबडेपणा कधीच नव्हता.

दुसरा निबंध १९६३चा, व्ही. के. रामस्वामी यांच्यासोबत लिहिलेला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामाचा कणा तोच. त्याआधी संरक्षणवाद्यांचा युक्तिवाद असा असे की, देशातला बाजार नीट चालत नाही, म्हणून आयातीवर जकात लावा. भगवती-रामस्वामींचं उत्तर होतं : दुखणं घरातलं असेल तर औषधही घरातच करा. नव्या उद्योगाला कर्ज मिळत नसेल तर कर्जाची सोय करा, कामगार शिकलेला नसेल तर प्रशिक्षणाला पैसे द्या. जकात लावली तर एक बिघाड कदाचित सुधारेल, पण माल महाग होऊन ग्राहकाच्या बाजूला दुसरा बिघाड तयार होईल.

तेव्हाच्या भारतात नेमकं उलटं चाललं होतं. एखाद्या कारखानदाराला परदेशी सुटा भाग हवा असला तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत : तो भाग उत्पादनाला अत्यावश्यक आहे, आणि देशात तो कुणीच बनवत नाही. भाव दुप्पट असो वा दर्जा सुमार, देशात कुणीतरी बनवतंय एवढं कळलं की आयात अडली. म्हणजे ज्याने कसाबसा माल बनवायला सुरुवात केली त्याला आपोआप संरक्षण, आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी. भगवतींनी पद्मा देसाई यांच्यासह १९७० साली या साऱ्या व्यवस्थेची चिरफाड करणारा ग्रंथ लिहिला. दिल्लीच्या सरकारी वर्तुळात तो रुचला नाही. त्याआधीच, १९६८ साली, ते एमआयटीला गेले होते. १९८०पासून कोलंबिया विद्यापीठात. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राला वाहिलेलं एक संशोधन-नियतकालिक त्यांनी १९७१ साली सुरू केलं. पुढे नोबेल मिळालेले पॉल क्रुगमन त्यांचे एमआयटीतले विद्यार्थी.

१९९१ साली परकीय चलन संपत आलं आणि वाद निकाली निघाला. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. कमाल आयात शुल्क तीनशे टक्क्यांच्याही वर होतं, ते त्या अर्थसंकल्पात १५० टक्क्यांवर आलं. अर्थमंत्री होते मनमोहन सिंग. भगवती दिल्लीहून गेल्यानंतर १९६९ ते १९७१ या काळात तेही दिल्ली स्कूलमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचेच प्राध्यापक होते आणि त्यांचा ऑक्सफर्डचा प्रबंध भारताच्या निर्यातीवर होता. व्यापाराचं अर्थशास्त्र फळ्यावरून थेट अर्थसंकल्पात उतरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर तेव्हा दोन वर्षांचं होतं. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. पुढे देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा भार त्याने उचलला. उरण, द्रोणागिरी, जासईच्या रस्त्यांवर ट्रेलरच्या रांगा लागल्या. वाशी-बेलापुरात कस्टम एजंटांची कार्यालयं थाटली गेली. याच कार्यालयांत भगवतींचा आणखी एक मुद्दा रोज अनुभवाला येतो. सगळ्या देशांना समान वागणूक देण्याऐवजी दोन-दोन देशांनी वेगवेगळे करार केले, तर नियमांचा शेवयांसारखा गुंता होईल, असं ते १९९५पासून बजावत आले. आज व्हिएतनामहून आलेल्या पेटीला, म्हणजे कंटेनरला, आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाशी झालेल्या करारातली सवलत हवी असेल तर माल मूळ कुठल्या देशाचा हे सांगणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं आणि मूल्यवृद्धीची, म्हणजे मालाच्या किमतीतला किमान ३५ टक्के वाटा करारातल्या देशांतला असण्याची, अट पाळावी लागते. तोच माल दुबईहून आला तर करार वेगळा, नियम वेगळा, फॉर्मही वेगळा. एक रकाना चुकला की पेटी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, अडकते आणि भाडं चढत राहतं.

त्याच वेळी वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे अनेक कारखाने बंद झाले. कारण केवळ आयात नव्हती. जमिनीचे भाव, कामगारांशी बिघडलेले संबंध, प्रदूषणाचे नियम हेही होतं. कंपन्यांच्या जागी आयटी पार्क आणि टॉवर आले. पण पन्नाशीतल्या फिटरला ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळत नाही. भगवतींना हे मान्य होतं. व्यापारातून देशाला मिळणारा लाभ नुकसान सोसणाऱ्याच्या भरपाईला पुरून उरतो, असा सिद्धांत आहे. पण भरपाई आपोआप होत नाही. अमेरिकेने १९६२ सालीच अशा कामगारांसाठी कायद्याने मदत सुरू केली. गरीब देशांना तेवढी ऐपत नसते, तेव्हा जागतिक बँकेने त्यांना हात द्यावा, असं भगवतींनी २००४ साली मांडलं. त्यांच्या समर्थकांनी जकात कमी करण्याचा सल्ला उचलला आणि हे पान उलटून टाकलं, ही माझी तक्रार आहे.

उरणमध्ये तर भरपाई भांडूनच घ्यावी लागली. जानेवारी १९८४मध्ये जासई-नवघर परिसरात जमीन संपादनाविरोधातल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जणांनी प्राण दिले, आणि शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र पुढे आलं. बंदरासाठी हलवलेल्या हनुमान कोळीवाडा या गावाला मिळालेल्या नव्या जागी घरांना वाळवी लागली आणि दुसऱ्या पुनर्वसनाची मागणी दशकानुदशकं रेंगाळली.

वाढवण उभारणाऱ्या कंपनीत न्हावा-शेव्याच्याच बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के वाटा आहे. उरलेला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली, प्रकल्पाचा खर्च सुमारे ७६ हजार कोटी. २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या या किनाऱ्यावरचे मच्छीमार अनेक वर्षं विरोध करत आले आहेत. मासेमारीचं क्षेत्र गेल्यावर कुणाला, किती आणि किती वर्षं मोबदला द्यायचा, याचा हिशोब पहिली पेटी उतरण्याआधी कागदावर यायला हवा.