सोआवे: बदनाम झालेलं नाव आणि ते न सोडणारं घर

वेरोनाहून पूर्वेला वीसेक किलोमीटर गेलं की टेकडीवर किल्ला दिसतो आणि त्याची तटबंदी थेट खालच्या गावाभोवती उतरलेली. गावाचं नाव सोआवे, तिथल्या पांढऱ्या वाइनचंही तेच. इटालियनमध्ये 'सोआवे' म्हणजे मृदू, पण नाव चवीवरून पडलेलं नाही. सुएबी या जर्मन टोळीवरून ते आलं असं मानतात.

इथली जुनी प्रतिष्ठा गोड वाइनची. सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ राजांचा मंत्री कासिओडोरस याने राजाच्या पंगतीसाठी वेरोनाकडची, सुकवलेल्या द्राक्षांची वाइन मागवली होती. ते पत्र आजही वाचायला मिळतं. तिची आजची वारस म्हणजे 'रेचोतो'. घड माळ्यावर चटयांवर पसरून काही महिने सुकवायचे आणि मग गाळायचे. आपल्या तासगावचा बेदाणा अर्ध्या वाटेत उचलला तर जे हाती येईल, साधारण तसं. वेरोनाच्या बोलीत 'रेचे' म्हणजे कान. घडाच्या वरच्या अंगाला कानांसारखे फुटलेले गुच्छ उन्हाने जास्त पिकतात, म्हणून हे नाव.

द्राक्षाची मुख्य जात गार्गानेगा. जाड सालीची, उशिरा पिकणारी, आणि मोकळं सोडलं तर भरमसाट माल देणारी. नाशिककडचा बागायतदार तिथे गेला तर त्याला वेल ओळखीचे वाटतील, कारण तेही मांडवावरच चढवलेले असतात. भरमसाट माल देण्याचा हाच गुण पुढे नडला. 1931 साली सोआवे आणि मोंतेफोर्ते गावांच्या टेकड्यांचा मूळ पट्टा आखून दिलेला होता. 1968 मध्ये डीओसी, म्हणजे वाइनचं मूळ ठिकाण सांगणारा सरकारी दर्जा, आला तो मात्र खालच्या सपाट, सुपीक जमिनींनाही कवेत घेऊन. अमेरिकेत मागणी इतकी वाढली की काही काळ सोआवेने तिथे कियान्ती या प्रसिद्ध इटालियन लाल वाइनलाही मागे टाकलं. कारखान्यांनी टँकर भरले, वाइन पातळ झाली, आणि 'सोआवे' म्हणजे स्वस्त, बेचव काहीतरी असा समज पक्का झाला.

सोआवेतल्या पिएरोपान या वाइन करणाऱ्या घराण्याचं महत्त्व याच काळात आहे. 1880 च्या सुमारास लिओनिल्दो पिएरोपान नावाच्या डॉक्टरने गावातल्या जुन्या वाड्यात वाइनचं काम सुरू केलं. त्याच्याच नावाचा नातू, सगळ्यांचा नीनो, साठच्या दशकाच्या अखेरीस कारभारात आला. बाकीचे उत्पादन वाढवत होते तेव्हा हा गृहस्थ बागेत माल कमी करत बसला. 1971 च्या हंगामाची वाइन त्याने एकाच बागेच्या नावाने बाटलीत भरली: 'काल्वारिनो', म्हणजे छोटा कॅल्व्हरी (येशूला क्रुसावर चढवलं ती टेकडी), चढायला जीव काढणाऱ्या वाटेवरून पडलेलं नाव. सोआवेत असं आधी कुणी केलं नव्हतं. माती काळ्या ज्वालामुखी खडकाची, द्राक्षं गार्गानेगा आणि थोडी त्रेब्बियानो दी सोआवे ही दुसरी जात. लाकडाचा स्पर्श नाही. आतून काच लावलेल्या सिमेंटच्या टाक्यांत ती मुरते आणि मागे बदामाची किंचित कडसर चव ठेवते. 1978 मध्ये किल्ल्याखालच्या चुनखडीच्या उतारावरची 'ला रोक्का' आली. ती निव्वळ गार्गानेगाची, आणि तिला मात्र लाकडी पिंपं.

नावाबद्दलचा राग इतरांनाही होताच. रोबेर्तो आन्सेल्मी या नामांकित उत्पादकाने 1999 च्या हंगामानंतर सोआवे हे नावच टाकलं आणि स्वतःच्या ब्रँडवर वाइन विकू लागला. 2001 मध्ये 'सोआवे सुपेरिओरे'साठी डीओसीजी हा वरचा दर्जा निर्माण झाला. पिएरोपान यांनी त्या दर्जामागे न जाता काल्वारिनो आणि ला रोक्का या दोन्ही बाटल्यांवर साधं 'सोआवे क्लासिको', म्हणजे मूळ पट्ट्यातली सोआवे, हेच लिहिणं चालू ठेवलं. मला आन्सेल्मीचा वैताग समजतो, पण नीनोचा हट्ट जास्त पटतो.

नीनो 2018 मध्ये गेला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सोआवेच्या पारंपरिक द्राक्षबागांना जागतिक कृषी वारशाच्या यादीत घेतलं. बागा आता त्याची मुलं, आंद्रेआ आणि दारिओ, सांभाळतात.