जोड कुठे आहे, ते सापडत नाही

मफलरची ओळ निम्म्यावर आली की लोकरीचा गुंडा संपतो. नवा गुंडा जोडायला गाठ मारणं सगळ्यात सोपं, पण गाठ बोटाला लागते, गळ्याला टोचते आणि धुतल्यावर कधीतरी सुलट बाजूला डोकं काढते. म्हणून मी गाठ मारत नाही. जुन्या आणि नव्या धाग्याच्या टोकांचा पीळ बोटभर उलगडते, तंतू पिंजून मोकळे करते, एकावर एक ठेवते, ओला हात लावते आणि दोन तळव्यांमध्ये जोरजोरात चोळते. तळवे गरम होईपर्यंत दोन धाग्यांचा एक धागा झालेला असतो. चार ओळी पुढे गेल्यावर तो जोड मलाही सापडत नाही.

विणकामाइतकाच माझा जीव समूहगानात आहे. तिथंही काहीतरी नेमकं अर्ध्यावर संपतं, ते म्हणजे श्वास. एखादा सूर चाळीस सेकंद अखंड धरायचा असतो आणि आमच्यापैकी बहुतेकांचा दम त्याच्या निम्म्यातच संपतो. तरी ऐकणाऱ्याला सूर कुठं तुटला असं वाटत नाही. ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करते आहे, पण दोन्हीकडे जोड लपवण्याची युक्ती एकच आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आधी लोकरीकडे पाहू. गुंड्यातला धागा शंभर-दोनशे मीटर लांब असतो, पण त्यातला एकही तंतू इतका लांब नसतो. मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण बोटाएवढा. स्वेटरच्या मध्यम जाडीच्या धाग्याचा कुठंही छेद घेतला तर तिथं असे काही शे तंतू शेजारी शेजारी सापडतात. एक संपतो तिथं बाकीचे चालूच असतात आणि जवळपास कुठंतरी नवा सुरू झालेला असतो. हे तंतू चिकटवलेले नसतात, गाठीनं बांधलेले नसतात. मग धागा ओढल्यावर ते एकमेकांवरून घसरून सुटे का होत नाहीत?

हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात त्यानं संवादातल्या एका पात्राकडून तो विचारून घेतला आहे: दोन-तीन हात लांबीच्या तंतूंपासून वळलेला शंभर हात लांबीचा दोर इतका मजबूत कसा? त्याचं उत्तर होतं पीळ. पिळलेला दोर ताणला की तंतू एकमेकांवर आवळले जातात. जितकं जास्त ओढाल तितका दाब जास्त, आणि दाबाबरोबर घर्षणही वाढतं. शेवटी तंतू तुटतो, पण घसरत नाही. २०१८ साली पॅट्रिक वॉरेन, रॉबिन बॉल आणि रेमंड गोल्डस्टीन या भौतिकशास्त्रज्ञांनी हेच गणितात मांडलं. एका तंतूचं दुसऱ्याशी होणारं घर्षण अगदी किरकोळ असलं तरी अशा स्पर्शांची संख्या एक उंबरठा ओलांडून गेली की ताण एका तंतूकडून दुसऱ्याकडे धाग्यात दूरवर पोचवला जातो. उंबरठ्याच्या अलीकडे नुसता पिंजलेला पुंजका, पलीकडे धागा.

तळव्यांत चोळून केलेल्या जोडात आणखी एक गोष्ट मदतीला येते. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेनं सहज सरकतो, उलट दिशेनं अडतो. ओलावा, ऊब आणि चोळणं मिळालं की तंतू एकाच बाजूला सरकत राहतात, गुंततात आणि मागे फिरू शकत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळून धुतला की लहान मुलाच्या मापाचा होतो, तो याच कारणानं. ॲक्रिलिकला असे खवले नसतात, त्यामुळे ते कितीही चोळा, जोड बसत नाही. मशिनमध्ये धुता यावी म्हणून खवले काढून टाकलेली किंवा त्यांच्यावर लेप दिलेली लोकरही अशी जुळत नाही.

आता सूर. तालमीत अगदी सुरुवातीला शिकवतात की जिथं सगळ्यांनाच श्वास घ्यावासा वाटतो, तिथं म्हणजे ओळीच्या शेवटी, घ्यायचा नाही. शेजारची घेते आहे असं दिसलं तर आपण थांबायचं. लांबलेल्या स्वराच्या पोटात, कुणाला पत्ता लागू न देता घ्यायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे एकदम तुटायचं नाही. आवाज आधी बारीक करत न्यायचा, श्वास घ्यायचा आणि तितकाच बारीक होऊन परत शिरायचं. हे ऐकताना मला दर वेळी धाग्याची पिंजलेली टोकं दिसतात. कात्रीनं सरळ कापलेलं टोक जोडात उठून दिसतं, निमुळतं होत गेलेलं मिसळून जातं.

हे जमतं ते कानाच्या मोजमापामुळे. दहा जणी सारख्या जोरानं गात असतील आणि त्यातली एक थांबली, तर एकूण आवाज अर्ध्या डेसिबलनंही घसरत नाही. जेमतेम जाणवणारा फरकच साधारण एक डेसिबलचा असतो, तेव्हा तिचं थांबणं कुणाच्या कानावर येतच नाही. चौघींतली एक थांबली तर घसरण सव्वा डेसिबल होते, म्हणजे बारकाईनं ऐकणाऱ्याला चाहूल लागते. दोघींतली एक थांबली तर तीन डेसिबल, आणि ते सगळ्यांना कळतं. थोडक्यात, इथंही उंबरठा आहेच. याच हिशेबाची दुसरी बाजू नव्यानं गायला येणाऱ्यांना खरी वाटत नाही: एकीच्या जागी दहा जणी गायल्या तर आवाज दहापट मोठा वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. म्हणून मोठ्या वृंदात ओरडून काहीच साधत नाही.

मग इतक्या जणी हव्यात कशाला? पोतासाठी. कुणाचाही सूर यंत्रासारखा स्थिर नसतो, तो क्षणोक्षणी किंचित वरखाली होत असतो. हे बारीक फरक एकमेकांत मिसळून जो भरीव, मऊ नाद तयार होतो तो एकट्या गळ्यातून, तो कितीही तयार असो, निघत नाही. लोकरीचंही तसंच. धाग्याबाहेर डोकावणारी तंतूंची टोकं हवा धरून ठेवतात आणि ऊब देतात. नायलॉनच्या गुळगुळीत, एकसंध तंतूला ही लव नसते.

श्वासाचा संबंध हृदयाशीही पोचतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. स्वीडनमधल्या योटेबोर्ग इथं ब्योर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ओळीच्या शेवटीच श्वास घ्यायचा अशा संथ मंत्रासारख्या गायनात सगळ्यांच्या ठोक्यांची गती एकत्र वाढत होती, एकत्र कमी होत होती. चोरून श्वास घेण्याची आमची रीत म्हणजे याच्या अगदी उलट, प्रत्येकीची लय जाणूनबुजून वेगळी ठेवण्याची. तरी जवळीक होतेच, हा माझा अनुभव.

रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला म्हणूनच फार जवळचा वाटतो. त्यांनी प्रौढांच्या नव्या वर्गांची सात महिने पाहणी केली. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाणाऱ्यांची आपसांत जवळीक लवकर झाली. पण सात महिन्यांच्या शेवटी हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्गही तितकेच जवळ आलेले होते. हस्तकलेच्या मंडळींना वेळ लागला, इतकंच. विणणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. टाका मोजता मोजता माणसं एकेकाशी बोलतात, आणि एकेकाशी बोलायला वेळ लागतोच.

सध्या आम्ही बसवतो आहोत त्या गीताच्या शेवटी असाच एक लांब सूर आहे. माझ्या कागदावर त्यातल्या सातव्या मात्रेवर पेन्सिलीनं बारीक खूण आहे, डावीकडच्या मैत्रिणीच्या कागदावर चौथ्या आणि उजवीकडचीच्या अकराव्या.