पट्टीआधी नाडी: ईसीजीवाचन कुठून आलं

इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयाच्या वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या नर्सिंगच्या मुली ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, शिकताना सहसा चित्रं पाठ करतात. करवतीसारखे दाते दिसले की फ्लटर, नुसती वेडीवाकडी रेघ दिसली की फिब्रिलेशन; दोन्ही हृदयाच्या बिघडलेल्या लयी. रामबागेतल्या घरी मराठी, वॉर्डात हिंदी, पुस्तक इंग्रजी, तेव्हा चित्रच जवळचं वाटणार. मात्र ठोक्यांची गडबड ओळखण्याची विद्या सुरू झाली ती मोजमापातून, आणि तीही ईसीजी यंत्र रुग्णालयांत पोहोचण्याआधी.

इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, तेव्हा अनियमित ठोका ओळखायला डॉक्टरांकडे बोटं, कान आणि फार तर नाडीचा आलेख काढणारं उपकरण एवढंच होतं. तेवढ्यावर किती दूर जाता येतं, हे डच डॉक्टर वेन्केबाख यांनी १८९९ मध्ये दाखवलं. एका रुग्णाची नाडी काही ठोक्यांनंतर एकदा गळायची. त्यांनी आलेखावरची अंतरं मोजली: गळण्याआधी ती कमी कमी होत जात, आणि मधली मोठी फट दोन ठोक्यांच्या अंतराइतकी भरत नसे.

हेच आजच्या ईसीजी कागदावर मांडू. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा. पी लाट म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे चेतवल्याची खूण, क्यूआरएस म्हणजे खालचे कप्पे चेतवल्याची, आर हे तिचं टोक, आणि पीपासून क्यूआरएसपर्यंतचं ते पीआर अंतर. पी लाटा दर २० चौकोनांनी नियमित येताहेत असं धरा. पीआर अंतर आधी ५ चौकोन, मग ८, मग ९, आणि चौथ्या पीनंतर क्यूआरएस येतच नाही. पाचव्या पीला पीआर पुन्हा ५. आता आर ते आर मोजा: २३, २१, आणि फट ३६. पीआर वाढतंय तरी आर-आर घटतंय, कारण वाढ आधी ३ चौकोनांची आणि मग १ चौकोनाची आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं. वेन्केबाख यांना पी लाट दिसतच नव्हती. फक्त नाडीच्या अंतरांवरून त्यांनी वहनातली, म्हणजे वरच्या कप्प्यांकडून खाली जाणाऱ्या विद्युत संदेशातली, दिरंगाई ताडली. मला तरी ईसीजीच्या इतिहासातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

यंत्राची गोष्ट त्या मानाने परिचित. लंडनमध्ये वॉलर यांनी १८८७ मध्ये पाऱ्याच्या केशनलिकेवर माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख घेतला. लायडनच्या आइंथोव्हेन यांनी लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली आणि पुढे तारेचा गॅल्व्हानोमीटर बनवला. सुमारे २७० किलोचं ते धूड चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले. यंत्र वॉर्डात नेणं अशक्य, म्हणून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने आलेख प्रयोगशाळेत यायचा. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण ईसीजीची पट्टी, म्हणजे कागदावरचा आलेख, वाचायला शिकवलं ते लंडनच्या थॉमस लुईस यांनी. ‘कायम अनियमित नाडी’ डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होती. कारणाबद्दल मात्र तर्क चालत. १९०९ मध्ये लुईस यांनी आलेखावर दाखवलं की अशा रुग्णांत पी लाट नाहीशी असते, तिच्या जागी बारीक थरथर असते आणि आर-आरला काही धरबंध नसतो. व्हिएन्नातल्या रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनीही त्याच वर्षी एट्रियल फिब्रिलेशनचं (वरच्या कप्प्यांच्या थरथरीचं) हेच निदान मांडलं. घरातल्या आजोबांची ‘चुकणारी नाडी’ बरेचदा हीच निघते.

पट्टी सिस्टरच्या हाती आली ती १९६० नंतर. छातीवरून शॉक देता येऊ लागला होता, छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येत होतं. पण डॉक्टर येईपर्यंत मिनिटं निघून जात. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. अशा कक्षांत मॉनिटरसमोर अखंड बसणार नर्स, त्यामुळे धोक्याची लय ओळखणं आणि पुढे शॉक देणंही तिच्याकडे आलं.

आज यंत्र पट्टीच्या माथ्यावर निदान छापूनच देतं. अधूनमधून जादा ठोके पडले की ते त्यालाच फिब्रिलेशन म्हणून मोकळं होतं. रुग्ण थरथरत असला तरी फसतं. म्हणून जाणता रेसिडेंट डॉक्टर छापील ओळीकडे दुर्लक्ष करून लीड दोनची (ईसीजीच्या एका ठरावीक जोडणीची) लांब पट्टी मागतो, कोऱ्या कागदाच्या कडेवर आरच्या टोकांच्या खुणा करतो आणि तो कागद पुढे सरकवत अंतरं जुळतात का ते बघतो.